शेवंता बदलली म्हणून नव्हे

झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’ या भुताच्या मालिकेचं तिसरं पर्व एप्रिल 2022 मध्ये संपलं, तरी त्याची वकिली करणारे अजून थकलेले नाहीत. नगरमध्ये नाटकवाली चार डोकी जमली आणि विषय निघाला की त्याच तीन सबबी ऐकू येतात. शेवंता करणारी नटी बदलली म्हणून मालिका पडली. कोरोनाने घात केला. आणि तिसरी सबब नेहमी हसत हसत, समोरच्याला वेड्यात काढत सांगितली जाते: ‘अहो, भुताच्या गोष्टीत कसलं लॉजिक शोधता?’ पहिल्या दोन सबबींत थोडंफार तथ्य आहे. तिसरीत अजिबात नाही, आणि माझ्या मते मालिका बुडाली ती नेमकी या तिसऱ्या समजुतीपायी.

आधी शेवंताचं बघू. तिसरं पर्व 22 मार्च 2021 ला सुरू झालं. अपूर्वा नेमळेकर मालिकेतून बाहेर पडली ती त्या वर्षाच्या अखेरीकडे, आणि तिच्या जागी कृतिका तुळसकर आली. म्हणजे तोवर प्रेक्षकांची लाडकी शेवंता पडद्यावर होतीच. ती असताना अंगावर काटा येत होता आणि ती गेल्यावर यायचा थांबला, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं. मी मालिका सुरुवातीपासून बघत होतो. काटा आधीच गेला होता. नव्या नटीच्या माथी पराभव मारणं हा तर तिच्यावर सरळ अन्याय आहे. तिच्या हाती आलेली शेवंता म्हणजे साडी, गजरा आणि रोखलेली नजर. लेखकांनी त्यात दुसरं काही उरू दिलं नव्हतं. रिकामी घागर डोक्यावर द्यायची आणि पाणी का सांडलं नाही म्हणून विचारायचं, असला हा प्रकार.

शिवाय नट बदलला की गोष्ट मरते हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा म्हणजे प्रभाकर पणशीकर हे समीकरण किती घट्ट होतं, तरी पुढे गिरीश ओकांनी तो उभा केलाच. मालवणीचंच उदाहरण हवं असेल तर मच्छिंद्र कांबळी गेल्यावरही ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलं आणि लोक हसले. संहितेत दम असेल तर प्रेक्षक पहिले दोन-चार दिवस कुरकुरतो, जुन्याशी तुलना करतो आणि मग गोष्टीत शिरतो. इथे शिरायला गोष्टच नव्हती.

कोरोनाबद्दल फार बोलत नाही. एप्रिल 2021 मध्ये राज्यात चित्रीकरणं थांबली, बाकीच्या मालिका गोव्याला, गुजरातेत पळाल्या, ही मालिका बंद राहिली आणि ऑगस्टमध्ये परत आली. त्या काळात पडद्यामागच्या माणसांचे जे हाल झाले त्याची थट्टा कुणी करू नये. पण लेखनाच्या अंगाने पाहिलं तर रोज एक भाग पाडणाऱ्या मालिकेला मधेच काही महिने उसंत मिळणं हा आपत्तीत लाभलेला अवकाश होता. ऑगस्टमध्ये परतलेली मालिका मार्चमधल्यापेक्षा विचार करून आली आहे, असं एकाही भागात जाणवलं नाही.

आता लॉजिक. भुताच्या गोष्टीत तर्क लागत नाही असं म्हणणाऱ्या माणसाने भुताची गोष्ट कधी ऐकलेलीच नसते. आमच्याकडे खेड्यात कुठल्याही म्हातारीला विचारा. मुंजा पिंपळावर असतो आणि पिंपळ सोडून तो गावभर हिंडत नाही. हडळीचे पाय उलटे. चकवा लागला तर माणूस रात्रभर त्याच बांधाभोवती फिरत राहतो, पण उजाडलं की सुटतो. प्रत्येक भुताची हद्द ठरलेली, वेळ ठरलेली, खूण ठरलेली. ही हद्द आहे म्हणून तर ऐकणाऱ्याचं लक्ष पिंपळाकडे जातं. मुंजा कुठेही भेटू शकतो म्हटलं की पिंपळाखालून जाताना पाय उचलायचं कारणच उरत नाही.

नगर जिल्हा हा नाथांचा मुलूख. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ आणि डोंगराच्या पलीकडे, बीडच्या हद्दीत, मायंब्याला मच्छिंद्रनाथ. श्रावणात घरोघरी मालुकवीच्या ‘नवनाथ भक्तिसारा’चं पारायण चालतं. त्या पोथीत वेताळ आपल्या साऱ्या भूतावळीसकट मच्छिंद्रनाथांवर चालून येतो, हरतो, आणि हरल्यावर वचनात अडकतो. पुढच्या साऱ्या कथांना त्या वचनाचा आधार आहे. पोथी ऐकणाऱ्या बाईला तो करार पाठ असतो. कोण कुणाला बांधील आहे हे तिला विचारलं तर ती पटकन सांगेल. वेताळपंचविशीत तर सगळा खेळच अटीवर चालतो: उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकलं, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. ती एक अट काढून टाका, मग उरते फक्त प्रेत खांद्यावर वाहून नेण्याची हमाली.

जुनं नको असेल तर 2018 चा ‘तुंबाड’ घ्या. राही अनिल बर्वेच्या त्या चित्रपटातल्या हस्तर या शापित देवाला कणकेची भूक आहे. पिठाचं रिंगण आखून आत बसायचं, कणकेची बाहुली टाकायची, तो ती खाईपर्यंत त्याच्या लंगोटातून मोहरा पाडायच्या आणि दोरावरून वर यायचं. त्याचा स्पर्श झाला तर मरणही नशिबी नाही, नुसतं सडत पडायचं. नियम चार, पण पक्के. म्हणून तर शेवटी बापलेक जास्त बाहुल्या घेऊन विहिरीत उतरतात, जितक्या बाहुल्या तितके हस्तर निघतात, आणि आपल्याला एका क्षणात कळतं की हावेने त्यांना गाठलं. कुणी समजावून सांगावं लागत नाही. हा चित्रपट 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. लोकांना भुताच्या गोष्टीत तर्क नको असतो म्हणणाऱ्यांनी या गर्दीचा हिशेब द्यावा.

आणि तिसऱ्या पर्वात? जमीनदार अण्णा नाईक आणि त्याला वेड लावणारी शेवंता, दोघंही भूत. ठीक. पण या भुतांना काय येतं आणि काय येत नाही, ती कुणाला धरतात आणि कुणाला सोडतात, कशाने अडतात, ते काही केल्या कळेना. सोमवारी अडलेलं भूत गुरुवारी का अडत नाही याचं उत्तर एकच: गुरुवारच्या भागाला शेवट हवा होता. भुताला माणूस मारता येतो तर तो आजच का मारत नाही, आणि येत नसेल तर आम्ही घाबरायचं कशाला? हा प्रश्न नेवाशाच्या एसटीत मागच्या बाकावर बसलेली दोन पोरं एकमेकांना विचारताना मी ऐकला आहे. समीक्षकाचा प्रश्न म्हणून तो झटकून टाकायची सोय नाही.

भीती म्हणजे काय हे नगर जिल्ह्यात शिकवायला मालिका लागत नाही. प्रवरेच्या पट्ट्यात, संगमनेर-राहाता-राहुरीकडे, शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते आणि रात्रपाळी आली की माणूस जेवून, बॅटरी घेऊन दारं धरायला रानात जातो. उसात बिबट्या आहे हे त्याला माहीत असतं. बॅटरीचा झोत फिरवला तरी दिसतात फक्त पाचटाचे दोर आणि पाण्याची चमक. एका सरीचं दार मोडून दुसरीत पाणी वळवताना खाली वाकावं लागतं, आणि वाकलं की पाठ उसाकडे होते. भीती त्या पाठीत असते. बिबट्या दिसला तर माणूस ओरडतो, पळतो, काहीतरी करतो. दिसत नाही तोवर नुसता वाकून उभा असतो. तिसरं पर्व रात्री अकराला लागायचं, म्हणजे बरोबर या माणसाच्या निघायच्या वेळी. पडद्यावर धूर सोडून, निळा उजेड मारून, कर्कश संगीत वाजवून शेवंता दहाव्यांदा समोर यायची, आणि हा माणूस जांभई देऊन बॅटरी उचलायचा. त्याला भुताचं वावडं नव्हतं. त्याला खरी भीती ठाऊक होती, एवढंच.

यावर मालिकेचे वकील म्हणतात, मग पहिल्या पर्वात तरी काय वेगळं होतं? बरंच वेगळं होतं, आणि माझा खरा मुद्दा तोच आहे.

फेब्रुवारी 2016 मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा गोष्ट भुताची नव्हती. गोष्ट वाटणीची होती. सावंतवाडीजवळचं आकेरी, नाईकांचा वाडा, धाकट्या अभिरामच्या लग्नाची तयारी आणि त्यातच अण्णांचं जाणं. मुंबईहून थोरला माधव येतो, त्याची विज्ञान मानणारी बायको नीलिमा येते. गावात राहून घर सांभाळणारा दत्ता आणि त्याची बायको सरिता आधीपासून तिथे आहेत. नवरा गमावलेली छाया माहेरी आहे. आणि आईने, माईने, सगळं पोटात घालून ठेवलेलं आहे. नेने वकील कागद घेऊन येतात. कुणाच्या नावावर काय, हा प्रश्न एकदा दिवाणखान्यात आला की त्यानंतर माडीवर वाजणारं प्रत्येक पाऊल संशयाचं होतं. हे भूत आहे की भाऊ?

मालवणी कळो न कळो, नगरकरांनी ही मालिका का पाहिली त्याचं कारण इथे आहे. नारळी-पोफळी आमच्याकडे नाहीत. पण भाऊबंदकी आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद लावताना बहिणीचं नाव आलं की घरात पसरणारी शांतता आहे. 2005 मध्ये कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, तेव्हापासून हक्कसोड पत्रावर सही घ्यायला भाऊ गाडी घेऊन बहिणीच्या दारात येतो आणि येताना साडी आणतो. बाप गेल्यावर तेराव्यापर्यंत सगळे एका पंगतीत जेवतात, आणि चौदाव्या दिवशी बांध कोरायला सुरुवात होते. ज्याने हे पाहिलं आहे त्याला नाईकांच्या वाड्यात रात्री दार कुणी वाजवलं हे बघायला भाषांतर लागलं नाही. माझ्या शेजारच्या आजी मालवणी हेल ऐकून हसायच्या, ‘हे काय बोलतंय गं’ म्हणून सुनेला विचारायच्या, पण दत्ता आणि माधव समोरासमोर आले की सुनेला गप्प बसवायच्या. ते त्यांना कळत होतं.

पहिल्या पर्वाचा शेवट सगळ्यांना पटला असं मी म्हणत नाही. तरी आठ महिन्यांत, ऑक्टोबर 2016 मध्ये, ती गोष्ट थांबली. आणि त्या आठ महिन्यांत शेवंता हे बहुतेक वेळ नुसतं नाव होतं; माईच्या चेहऱ्यावर ते नाव ऐकताच जे व्हायचं, त्यातून प्रेक्षक आपापली शेवंता रचत होता.

जानेवारी 2019 मध्ये दुसरं पर्व अण्णांच्या हयातीच्या काळात मागे गेलं आणि ते नाव देह घेऊन समोर आलं. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांनी ती माणसं झकास केली, त्यात वादच नाही. शकुंतला नरेंची माई माझ्या मते त्या दोघांच्याही वर होती; नवऱ्याच्या डोळ्यांतलं दुसऱ्या बाईचं वेड रोज ताटात वाढून घेणारी. पण याच पर्वात विष कालवलं गेलं. अण्णा नाईक हा जुलमी, लंपट, माणसं संपवणारा जमीनदार बघता बघता लाडका झाला. त्याचे संवाद लग्नाच्या वरातीत, पोरांच्या स्टेटसवर, निवडणुकीच्या चेष्टेत घुसले. लोक त्याला घाबरायचे बंद झाले आणि त्याची नक्कल करू लागले. वाहिनीने हे बघितलं आणि तिसरं पर्व या लाडकेपणावर उभं केलं. अण्णा परत येणार, हीच जाहिरात आणि हीच गोष्ट. ज्याच्या परतण्याची लोक टाळ्या पिटत वाट बघतात, तो भुताच्या वेषात आला तरी पाहुणाच असतो.

खलनायक किती दाखवावा याचा धडा घ्यायला लांब जायला नको होतं. सदाशिव अमरापूरकर आमच्या नगरचे. ‘अर्धसत्य’ 1983 चा. पनवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, निहलानींचं दिग्दर्शन. त्यात रामा शेट्टी म्हणून अमरापूरकर किती वेळ दिसतात? मोजकेच प्रसंग. आवाज चढवत नाहीत, हात उगारत नाहीत, बसून बोलतात. बाकीचा सगळा चित्रपट ओम पुरीच्या वेलणकरचा आहे. तरी वेलणकर ज्या ज्या दारावर धडकतो त्या दारामागे शेट्टी बसलेला आहे असं वाटत राहतं. आता कल्पना करा, निहलानींना कुणी सांगितलं असतं की शेट्टी लोकांना फार आवडला, तो आठवड्यातले पाच दिवस रोज रात्री दाखवा, त्याला गाणं द्या, त्याचं एक प्रेमप्रकरण वाढवा. तिसऱ्या पर्वात अण्णांचं हेच झालं. अभ्यंकर कष्टाने काम करत होते, आणि त्यांच्या प्रत्येक दर्शनागणिक अण्णा थोडा थोडा कमी होत होता.

इथे एक चौथी सबब निघते आणि ती मात्र हुशार आहे: दैनंदिन मालिकेचं अर्थकारण असंच असतं, गुरुवारी आकडे येतात, जे पात्र चालतं ते ताणावंच लागतं, लेखक काय करणार? काही अंशी खरं आहे, आणि हा रोग मराठीपुरता नाही. अमेरिकेत ‘ट्विन पीक्स’चे कर्ते लिंच आणि फ्रॉस्ट यांना लॉरा पामरचा खुनी इतक्यात उघड करायचा नव्हता, वाहिनीने रेटा लावला, 1990 च्या नोव्हेंबरात तो उघड झाला आणि त्यानंतर प्रेक्षक भराभर गळाले. पण याच उदाहरणाने ही सबब उलटते. रहस्य फोडून टाकल्यावर उरलेला डोलारा तग धरत नाही हे जगाला तीस वर्षं आधी कळलेलं होतं. आणि गोष्ट वेळेत थांबवता येते हे तर झी मराठीनेच 2016 मध्ये करून दाखवलं होतं. ज्याला थांबणं येत नाही त्याची गोष्ट वेगळी. ज्याला येतं आणि तरी जो थांबत नाही, त्याने अर्थकारणाआड लपू नये.

उलट बाजूच्या एका मित्राशीही भांडण आहे, पण थोडक्यात. त्याचं म्हणणं, अंधश्रद्धा पसरवणारी मालिका होती, पडली ते बरं झालं. 2016 मध्येही सिंधुदुर्गात मालिकेला विरोध झाला होता, कोकणाची बदनामी आणि अंधश्रद्धेला खतपाणी म्हणून. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर ज्या राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, तिथे ही चिंता वाजवीच आहे. तरी पहिल्या पर्वात नीलिमा होती. प्रत्येक चमत्काराला ती हटकायची, आणि तिचं बोलणं दर वेळी खोटं पडायचं नाही. 1976 च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातल्या गाण्याचे शब्द मालिकेने नावासाठी घेतले, तिथेही भीतीच्या तळाशी माणसाचं मन होतं. शंका घेणारं एक माणूस घरात असलं की भुतालाही वजन येतं. त्याला कुणाशी तरी झुंजावं लागतं. तिसऱ्या पर्वात सगळ्यांचाच भुतांवर विश्वास बसलेला, मग भूत आहे की नाही हा प्रश्नच संपला आणि त्याच्याबरोबर उत्कंठाही. मित्राने खरं तर तिसऱ्या पर्वाचे आभार मानायला हवेत. एवढी निरुपद्रवी भुतं अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनाही घडवता आली नसती.

उद्या कुणाला चौथं पर्व काढायची उबळ आलीच, तर मागणी अगदी माफक आहे. अण्णा नको, शेवंता नको, धूर तर मुळीच नको. माई गेल्यानंतरचा वाडा दाखवा. विकायचा की ठेवायचा यावर तीन भावांचं एकमत होत नाही, छायाला हक्कसोडीवर सही करायची नाही, शेवंताची लेक सुसल्या आपलाही वाटा मागते, आणि तलाठ्याने काढलेल्या उताऱ्यावर असं एक नाव निघतं जे घरात कुणी कधी ऐकलेलं नाही. नेन्यांच्या खुर्चीत बसलेला नवा वकील ते नाव मोठ्याने वाचतो. पुढचं काय लिहायचं ते माझ्या शेजारच्या आजीही सांगतील.